हे रेडियम नाही, भैया

रायपुरात ज्या दुकानाच्या पाटीवर 'रेडियम' असं लिहिलेलं असे, त्या दुकानापुढं आबाजी थांबत आणि आत जो कोणी असेल त्याला शांतपणे सांगत, "भैया, ये रेडियम नहीं है." आमच्याकडं नंबरप्लेटवर चमकणारी अक्षरं कापून चिकटवणाऱ्या प्रत्येकाच्या पाटीवर हा शब्द असतो. ट्रकच्या मागची लाल पट्टी म्हणजे रेडियम, स्कूटरवरचं देवाचं नाव म्हणजे रेडियम, लहान मुलांच्या खोलीत छताला चिकटवायच्या चांदण्या म्हणजेही रेडियमच. त्यामुळं आबाजींना काम पुष्कळ होतं.

गुढियारीतलं आमचं दुकान त्यांपैकीच एक. दुकान कसलं, टपरीच. बाबा पाचवीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही, आणि मी बीएससीला आहे ती त्या पन्नीच्या, म्हणजे चमकणाऱ्या प्लास्टिक कागदाच्या, जोरावर. आबाजींबद्दल लिहिताना मला थोडी भीती वाटते, कारण त्यांना मी जे जे सांगितलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं. उरलेल्या निम्म्यानं त्यांचं भलं झालं की वाईट, हेही मला अजून नीट कळलेलं नाही.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी बाबांचा डबा घेऊन गेले होते. पांढरा सदरा, पायजमा, आणि डाव्या हाताला घड्याळ, तेही मनगटाच्या आतल्या बाजूला तबकडी केलेलं. त्यांनी पाटीकडं बोट दाखवून आपलं वाक्य म्हटलं.

बाबा एका मोटरसायकलच्या प्लेटवर अक्षरं लावत होते. वर न बघता म्हणाले, "तो क्या है?"

"पन्नी है. चमकनेवाली पन्नी."

"सब लोग रेडियम ही बोलते हैं, काकाजी."

"सब गलत बोलते हैं."

बाबा माझ्याकडं वळून मराठीत पुटपुटले, "म्हातारं सटकलेलं दिसते."

"सटकलेलं नाई हाय," ते मराठीत म्हणाले. "घड्याळवालं हाय. ब्राह्मणपाऱ्यात दुकान हाय माहं."

बाबांनी एवढी घाई करून स्टूल पुसलं की मला हसू आलं. चहा मागवला. मग नमतं घेत विचारलं, "मंग पाटीवर काय लिहू, आबाजी? चमकनारी पन्नी? गिऱ्हाईक म्हनन, ह्याले रेडियमचं काम येत नाई वाटते."

"लोक म्हनतच राहतीन. तू नको म्हनू."

बाबांची एक सवय आहे. कापलेलं अक्षर सोललं की ते ओठांत धरतात, आणि दोन्ही हातांनी प्लेट पुसून मग चिकटवतात. बोलता बोलता त्यांनी 'सी' ओठांत धरला. आबाजी चहाचा ग्लास खाली ठेवून उठले आणि त्यांनी तो 'सी' बाबांच्या ओठांतून ओढून काढला.

"तोंडात नाई घालाचं."

"पन्नीच तं हाय, आबाजी. आत्ता तुमीच म्हनले."

"तरी नाई."

मला हे काही केल्या कळेना. ज्या वस्तूत काही नाही म्हणून भांडायला माणूस ब्राह्मणपाऱ्यापासून चालत येतो, तीच वस्तू ओठाला लागली तर तो एवढा का घाबरतो? पुढं पाहिलं तर ते सगळ्यांनाच तसं करत. सुईत ओवायच्या आधी दोऱ्याला थुंकी लावणाऱ्या टेलरला ते हटकत. माझ्या तोंडातलं पेनाचं टोपण तर त्यांनी कितीदा काढायला लावलं असेल. एकदा बँकेत त्यांनी काउंटरपलीकडच्या बाईंना सांगितलं, "मॅडम, उंगली को जीभ मत लगाइए." बाईंनी शिपायाला बोलावलं. तेव्हापासून ते खिशात एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत ओला स्पंज ठेवत आणि गरज दिसेल तिथं काढून पुढं करत. बाबांनाही त्यांनी असा एक स्पंज दिला. बाबांनी तो घेतला, नीट जपून ठेवला, आणि अक्षरं ओठांतच धरत राहिले.

मी फिजिक्स घेऊन शिकते आहे हे बाबांनीच त्यांना सांगितलं. "पोट्टी बीएस्सी करून राहिली. आमच्या खानदानात पयली."

आबाजी माझ्याकडं वळले. "फिजिक्समंदी रेडियम असते काय?"

"असतं."

"किती पानं?"

मला आठवेना. मी अंदाजानं म्हटलं, "दीड असेल."

"दीड पान," ते म्हणाले.

मग मी कॉलेजातून परतताना कधीमधी त्यांच्याकडं जाऊ लागले. दुकानाच्या दर्शनी भागात त्यांचा पुतण्या मोबाईलची कव्हरं विकायचा. मागं एका टेबलावर आबाजी लोकांच्या घड्याळांतले सेल बदलून द्यायचे. पुतण्या मला दीदी म्हणायचा आणि आबाजींच्या जुन्या गोष्टी त्यांच्यासमोरच सांगायचा. पूर्वी म्हणे भर दुपारी हे शटर अर्ध्याच्या खाली असायचं. कोणी वाकून विचारलं, "दुकान बंद है क्या?" तर आतून आवाज यायचा, "बंद नहीं है, अंधेरा चालू है."

तो अंधार रेडियमसाठी असे. रेल्वेचे गार्ड, ड्रायव्हर, रात्रपाळीचे चौकीदार, सगळ्यांना अंधारात दिसणारी घड्याळं हवी असत. काही घड्याळं परदेशातून तशीच येत, आकडे आधीच रंगवलेले. ज्यांचं घड्याळ साधं असे ते येऊन म्हणत, "इसमें रेडियम भर दो." मग आबाजी एका व्यापाऱ्याकडून आलेल्या चिमुकल्या बाटलीतली पिवळसर पूड डिंकाच्या पाण्यात कालवत आणि प्रत्येक आकड्याशी एकेक ठिपका देत. बाटलीवर इंग्रजीत 'रेडियम' लिहिलेलं असे. काम झालं की शटर पाडून गिऱ्हाइकाला ठिपके चमकताना दाखवत.

काही परदेशी घड्याळांत सहाच्या आकड्याखाली अगदी बारीक 'टी' छापलेला असतो. आबाजी तो भिंगातून दाखवून सांगत, "टी मतलब टिकाऊ." गिऱ्हाईक खूश होई. मी मोबाईलवर शोधलं. रेडियम धोक्याचं ठरल्यावर त्याच्या जागी ट्रिशियम नावाचा, त्यामानानं सौम्य पदार्थ वापरू लागले होते, आणि 'टी' ही त्याची खूण होती. मी मोठ्या उत्साहानं आबाजींना हे सांगितलं.

ते म्हणाले, "म्हंजे मी इतके वर्सं खोटं बोललो."

"पण तुम्हाला माहीत नव्हतं ना."

"माहीत नसलं तं खोटं नसते काय?"

ट्रिशियमची चमक बारा-तेरा वर्षांत निम्मी होते, म्हणजे तो टिकाऊही नव्हता, हे सांगायचं मी त्या दिवशी टाळलं.

त्यानंतरच कधीतरी त्यांनी पुतण्याला चहा आणायला पाठवलं आणि टेबलाच्या खणातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत एक घडी केलेलं मखमली कापड होतं. ते उघडलं नाही, नुसतं त्यावर हात ठेवून ते बोलले. इतकं सलग मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं.

"ठिपके मी नाई देत होतो. आमच्या घरची देत होती. काम करतानी तिचा हात जराबी हलत नव्हता. मी दुपारी तबकड्या घरी नेत होतो, थे स्वयंपाक आटोपून बसे. ब्रश तीन केसाचा. ठिपका देल्ला का टोक फाकते. मंग ओठात घ्याचं, टोक येते. मीच शिकवलं होतं तिले."

पुढं तिचे दात हलू लागले. मग जबडा सुजला. वर्षभरात ती गेली. याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. ती गेल्यावरही आबाजी स्वतः ठिपके देत राहिले. मग एक दिवस घड्याळ दुरुस्त होईपर्यंत बसलेल्या एका गिऱ्हाइकानं वेळ जावा म्हणून मासिकातला लेख त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. परदेशातल्या कारखान्यांत मुली घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियम लावत. ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. कोणी गंमत म्हणून नखांनाही लावत. मग त्यांचे दात पडले, जबड्याची हाडं झिजली, आणि कित्येकजणी गेल्या.

"मी डोळ्यातलं भिंग काढलं नाई," आबाजी म्हणाले. "काढलं असतं तं त्याले दिसलं असतं."

त्याच दिवशी त्यांनी उरलेली बाटली सिमेंटात गाडली आणि रेडियम भरणं सोडलं. तेव्हापासून तो शब्द कोणी उगाच वापरला की त्यांना राहवत नसे.

मग त्यांनी उठून शटर खाली ओढलं आणि चाचपडत ते कापड उघडलं. आत तिनं रंगवलेली, काटे नसलेली एक तबकडी आहे, असं त्यांनी सांगितलं.

"तू सायन्सवाली हायेस. मले सांग. हे तिले लागलं काय?"

आम्ही अंधारात बसलो. तबकडी कुठं आहे हेसुद्धा दिसत नव्हतं. माझं कॉलेज सुरू होऊन पाच महिने झाले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादं वयस्क माणूस मला काही विचारत होतं. मला वाटलं, गप्प बसले तर शिकून काय उपयोग? मी म्हटलं, "आबाजी, हे चमकत नाही. म्हणजे ह्यात फारसं काही नव्हतंच. असतं तर इतक्यात संपलं नसतं."

"हव," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "हव."

दुसऱ्या दिवसापासून ती तबकडी कापडासकट त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात आली. पुतण्यानं मला विचारलं, "दीदी, तुमने क्या बोल दिया? चाचा रात को खाना ठीक से खा रहे हैं." मला अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

दुसऱ्या वर्षाला सरांनी तो धडा घेतला. घड्याळाच्या रंगात दोन पदार्थ असतात, सर सांगत होते. एक रेडियम, आणि दुसरा रेडियमचा मारा बसला की चमकणारा. हा दुसरा काही वर्षांत थकतो आणि चमकेनासा होतो. रेडियम मात्र तसंच राहतं. ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. म्हणजे रेडियमची जुनी तबकडी अंधारात काळी दिसते, आणि तरी ती तितकीच वाईट असते.

माझं लिहिणं थांबलं. मी आबाजींना बरोबर उलटं सांगितलं होतं, आणि ते ती वस्तू छातीशी घेऊन हिंडत होते.

हे त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. मी तीन आठवडे ब्राह्मणपाऱ्याकडं फिरकले नाही. अंगाला लागत असेल तर प्रत्येक दिवस मोलाचा आहे हे मला कळत होतं, आणि तरी मी गेले नाही. शेवटी बाबांना सांगितलं.

"सांगून टाक नं," बाबा म्हणाले. "चुकलं तं चुकलं म्हन. म्या एका गाडीवर आठाच्या जागी तीन लावला होता. मानूस आला परत, काढून देल्ला."

"बाबा, हे तसं नाही."

"तसं नाई हे मलेबी कळते," बाबा म्हणाले. "पन तू जाशीन तं खरी."

मी गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. आबाजींनी खिशातून कापड काढून टेबलाच्या दूरच्या टोकाला ठेवलं.

"म्हंजे मी हे आठ महिने छातीशी धरून हिंडलो."

"हो. माझ्यामुळं."

"बरं झालं," ते म्हणाले.

त्यांनीच पुढं म्हटलं, "तिनं तं ओठाशी धरलं होतं."

हे रागानं म्हटलं की समाधानानं, हे मला ओळखता आलं नाही. मग मी म्हटलं, आमच्या कॉलेजात एक यंत्र आहे, गायगर काउंटर. रेडियम असेल तर ते टक टक वाजतं. एवढं बोलून मी घाबरले, कारण आता नक्की उत्तर मिळणार होतं आणि ते काय येईल याबद्दल मला शंका उरली नव्हती. ते आबाजींनाही कळलं असावं.

"मशीन खोटं बोलत नाई?"

"नाही."

"मंग चाल."

सरांना मी आधी सगळं सांगून ठेवलं होतं. ठरलेल्या दिवशी आबाजी इस्त्रीचा सदरा घालून आले. प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी चपला काढल्या, आणि सरांनी दोनदा सांगूनही परत घातल्या नाहीत. त्यांनी दोन तबकड्या आणल्या होत्या. एक परदेशातून रंगवून आलेली, खणात पडून राहिलेली. दुसरी तिची.

सरांनी पहिली नळीखाली धरली. तिच्यावरचे ठिपके तपकिरी, मेलेले दिसत होते. यंत्र एकदम तडतडू लागलं, इतक्या घाईनं की टक टक वेगळी ऐकू येईना.

"ये है रेडियम," सर म्हणाले.

आबाजींनी मान हलवली. मग स्वतःच्या हातानं कापड उघडलं.

दुसऱ्या तबकडीखाली यंत्र थांबून थांबून वाजत होतं. एक टक. मग बराच वेळ काही नाही. मग एक. आम्ही काहीच ठेवलं नव्हतं तेव्हाही ते असंच वाजत होतं. सरांनी तबकडी उलटी केली, जवळ आणली, पुन्हा सरळ केली.

"इसमें नहीं है."

"ठीक से देखिए, सर."

सरांनी पुन्हा पाहिलं. मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी मोबाईलचा टॉर्च तबकडीवर धरला, अर्धा मिनिट असेल, मग खिडकीचा काळा पडदा ओढला. टेबलावर बारा हिरवट ठिपके होते.

आबाजी वाकले. कितीतरी वेळ वाकूनच होते.

"सातचा ठिपका सरकला हाय," ते म्हणाले. "तवा बोललो होतो मी तिले."

सरांनी समजावलं आणि मी ते मराठीत पुन्हा सांगितलं. रेडियमच्या रंगाला उजेड लागत नाही, तो आपला आपण चमकतो. ही पूड आधी उजेड घेते आणि मग तोच थोडा थोडा परत देते. साधी पूड आहे. व्यापाऱ्यानं रेडियम म्हणून विकली. डब्यात, कापडात ठेवल्यावर तिला उजेड मिळालाच नव्हता, म्हणून त्या दिवशी ती काळी दिसली.

"पन मी तं शटर पाडून दाखवत होतो गिऱ्हाइकाले. चमकत होती."

"शटर पाडायच्या आधी घड्याळ कुठं असायचं, आबाजी?"

ते थांबले. "बल्बखाली. काम करतच असो नं मी." मग म्हणाले, "लोक येत होते सांगाले, पहाटपर्यंत टिकत नाई म्हून. मी म्हनो, तुमचे डोळे कमजोर झाले." आणि ते हसले. मी त्यांना हसताना क्वचितच पाहिलं होतं.

मला इतकं हलकं वाटलं की मी सरांचे आभार मानू लागले. माझी चूक चूकच होती, पण तिच्यामुळं कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आबाजींचाही काही दोष नव्हता. हे बाबांना कसं सांगायचं ते मी मनात जुळवू लागले होते.

"मंग डॉक्टर खरं बोलला होता," आबाजी म्हणाले.

"कोणता डॉक्टर?"

"तिचा. तो म्हनला होता, हे गुडाखूनं झालं. मंग थे मासिकातलं ऐकलं, आन मी त्याले येडा ठरवला."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. गुडाखू म्हणजे तंबाखूची गुळात मळलेली काळी पेस्ट. आमच्याकडं बायका आणि पुरुष ती सकाळ-दुपार हिरड्यांना घासतात. मी घाईनं म्हटलं, "मग तर प्रश्नच नाही, आबाजी. गुडाखू कितीतरी जण लावतात. त्यात तुमचं काय?"

"तिच्या माहेरी कोनी लावत नव्हतं," ते तबकडीकडं पाहत म्हणाले. "इथं आली अन् दाढ दुखाले लागली. मी म्हनलो, लाव, बरं वाटते. पहिली डबी मीच आनली. मंग रोज दुकान बंद करून येतानी मीच आनत होतो."

सरांना मराठी फार येत नाही. ते नुसते आमच्याकडं आळीपाळीनं बघत होते. आबाजी त्यांच्याकडं वळले आणि अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "सर, गुडाखू की भी मशीन होती है क्या?"

"उसकी क्या मशीन होगी, दादाजी," सर म्हणाले. "वो तो सबको पता है."

"हव," आबाजी म्हणाले.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं होतं, नक्की उत्तर मिळालं की माणूस मोकळा होतो. त्यापलीकडचं मी काही शिकलेच नव्हते. मी तोंड मिटलं. सरांचा तास होता. यंत्र बंद करून ते गेले.

टेबलावरचे ठिपके बरेच फिके झाले होते. आबाजी म्हणाले, "आनखी एकदा बत्ती दाखव."

मी माझ्या मोबाईलचा टॉर्च लावला, मनात तीसपर्यंत मोजलं आणि बंद केला. ठिपके पुन्हा उजळले. टॉर्च विझायच्या आधीच आबाजींनी मनगट उलटं करून घड्याळ पाहून ठेवलं होतं; आता दोन्ही हात टेबलावर टेकून ते वाकले. मीही वाकले. ते ठिपके अंधारात किती वेळ टिकतात हे त्यांनी आजवर कधी थांबून पाहिलं नव्हतं.